मागच्या कप्प्यातली कुपी

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ताईंचा दरारा मोठा. पेशी वाढवायच्या, इवल्याशा कुप्यांत भरून गोठवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या फ्रीजरला विचारल्याशिवाय हात लावायची खुद्द प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचीही टाप नव्हती. पोरं पाठीमागे त्यांना ‘बर्फाच्या सासूबाई’ म्हणायची. ताईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

त्यांचा एक नेम होता. पेशी कुणालाही द्या, पण एक कुपी मागच्या कप्प्यात राहिलीच पाहिजे; सगळं गेलं तरी तिच्यातून त्याच पेशी पुन्हा वाढवता येतात, ती गेली तर संपलं. नव्या पोरांना त्या सगळ्यात पहिल्यांदा हेच शिकवत.

घरी धाकटा भाऊ. त्याचे स्नायू झिजत चालले होते. आधी जिना सुटला, मग पेन, आता घासही ताईच भरवत. त्याच दुखण्यावर सरांनी औषध शोधलं होतं, आणि ते निघायचं ताईंनी जीव लावून जपलेल्या पेशींतून. पुढचा पसारा विद्यापीठाला झेपणारा नव्हता, म्हणून एका औषध कंपनीशी करार झाला. कंपनीने पेशी मागवल्या. ताईंना आभाळ ठेंगणं झालं. कोरड्या बर्फात कुप्या रचता रचता त्यांनी मागच्या कप्प्यातलीही उचलून खोक्यात ठेवली. जास्त पेशी गेल्या तर औषध लवकर होईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. जन्मात एकदा नेम मोडला बाईंनी, तो नेमका तेव्हा!

पुढे कंपनीतले साहेब बदलले. नव्या साहेबांना या आजारात फायदा दिसेना. त्यांनी काम गुंडाळलं, औषधाचे हक्क विद्यापीठाला परत केले, आणि पेशी मात्र नियमावर बोट ठेवून नष्ट करून टाकल्या. मेल्यांनी साधं विचारलंसुद्धा नाही.

सर तरी धीर धरून होते. ते फ्रीजरपाशी आले.

“दुसरी कंपनी बघू आपण. मागची कुपी आहे ना?”

“नाही सर. तीही दिली मी.”

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तसेच वळून निघून गेले.

संध्याकाळी भावाला भरवताना ताईंनी सगळं सांगून टाकलं, काही आडपडदा न ठेवता.

“तुझ्या जागी मी असतो तर मीही दिली असती गं,” तो म्हणाला.

त्याने रागवायला हवं होतं, चार शब्द सुनवायला हवे होते. हातातला घास तसाच राहिला होता. त्याने तोंड उघडलं, आणि त्यांनी तो भरवला.