रोज सोळाशेला वळणारी बोट

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी आर्मी इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो. तोवरची सगळी नोकरी जनरेटर, पंप आणि चिखल यांत गेली होती. ऑर्डरीत होतं: सेलिंग एक्स्पिडिशन, शिडाची याट, क्रू पाच, हवालदार पगारे, इंजिन आणि वीज. सटाण्याला दादाला फोन केला. त्यानं एकच विचारलं, "तुले पवता येस का?" मी म्हटलं, पोहण्याची टेस्ट पास झालोय. कसा झालो ते त्याला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.

आता मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. जेवणाच्या सुट्टीत कोणी ना कोणी विचारतं, चाळीस दिवस बोटीवर माणूस करतो काय? चार तास वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी करतो, चार तास झोपतो, आणि ताट मांडीवर धरून बोट कुठल्या बाजूला कलेल याचा अंदाज घेत जेवतो. माझा अंदाज पहिले पंधरा दिवस चुकत होता, त्यामुळे वरण बहुतेक नाईक बिष्टच्या मांडीवर जायचं. आंघोळ समुद्राच्या पाण्यानं. एका नियमावर मात्र चर्चा नाही: डेकवर पाऊल टाकायच्या आधी छातीच्या पट्ट्याचा दोर बोटीला अडकवायचा.

बिष्ट उत्तराखंडच्या डोंगरातला. नुकतंच लग्न झालेलं. मला उस्ताद म्हणायचा आणि मी काहीही सांगितलं तरी गंभीरपणे ऐकायचा. स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, मेजर सरीन, आवाज न चढवणारा माणूस.

बाराव्या दिवशी सरांच्या लक्षात आलं की बोट रोज एकाच वेळी मान वाकडी करते. स्टिअरिंग ऑटोपायलटवर असायचं, म्हणजे यंत्र आपोआप दिशा धरायचं. लॉगबुकात नोंदी पडू लागल्या. फौजी घड्याळात सोळाशे म्हणजे दुपारचे चार. सोळाशे पाच: वीस अंश उजवीकडे. सोळाशे वीस: पूर्ववत. कारण अज्ञात.

बिष्टचं म्हणणं, देवमासा रोज चहाच्या वेळेला पाठ खाजवायला येतो. मी समुद्राच्या तळाशी लोखंडाचा डोंगर असणार, असं सगळ्यांना सविस्तर समजावलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहाड रोज अपने साथ चलता है क्या?"

मग तपास माझ्याकडेच आला, वीज माझी ना. ऑटोपायलटची मोटर मी दोनदा खोलली, पुसली, बंद केली. एक स्क्रू उरला. दोष मात्र माझ्या डोळ्यांना एकदाही दिसला नाही, कारण सोळाशेला माझी वॉच संपायची आणि मी खाली जायचो. खाली काय करायचो, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

स्वतःचं खाणं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या राशनीत जमा करायचं, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. बायकोनं दिलेला चिवड्याचा मोठा पत्र्याचा डबा मी जमा केला नाही. माझ्या बंकखाली, म्हणजे झोपायच्या फळीखाली, छोटा कप्पा होता, आत भिंतीला हाताच्या पंज्याएवढी करडी पेटी. तिला खेटून डबा चपखल बसला. बोटीवरच्या प्रत्येक वायरची जबाबदारी माझी, आणि ती पेटी कशाची हे मी कधी बघितलं नव्हतं. रोज वॉच उतरली की डबा मांडीवर घ्यायचो, पंधरा मिनिटं खायचो, परत ठेवायचो.

एकविसावा दिवस. वारा मागून, जोराचा. मोठं शीड उजवीकडे उघडलेलं. शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, एकदम फिरू नये म्हणून दोरानं बांधलेला असतो. तो दोर झिजला होता, बदलणं भाग होतं. सरांनी काम मुद्दाम सोळाशेनंतर ठेवलं. त्या दिवशी पाण्याचा पंप अडकल्यानं मी वॉच संपूनही इंजिनपाशीच होतो. सोळाशे पाच झाले, सोळाशे वीस झाले, बोट सरळ. सर बिष्टला म्हणाले, "चलो, गई तुम्हारी व्हेल."

सोळाशे चाळीस. बिष्ट पुढे गेला. जुना दोर सोडला, नवा हातात. त्याच वेळी माझा पंप सुरू झाला. मी खुशीत बंकवर बसलो आणि डबा बाहेर काढला.

बोट उजवीकडे वळली. वारा शिडाच्या मागच्या बाजूनं शिरला आणि बूम डेकवरून सपकन पलीकडे गेला. वरून सरांचा आवाज आला, पहिल्यांदा चढलेला: "मॅन ओव्हरबोर्ड! बिष्ट!"

मी वर धावलो. पायरीवरच सर ओरडले, "पगारे, क्लिप!" मी दोर अडकवला. बिष्ट बोटीच्या कडेला पाण्यात होता, पट्ट्याच्या दोराला लोंबकळत, डोकं वरखाली. शीड पाडलं. चौघांनी ओढला. चार मिनिटं लागली. खांद्याचं हाड मोडलं होतं. श्वास चालू होता.

त्याला खाली झोपवला. जागा व्हावी म्हणून मी डबा उचलून कप्प्यात ढकलला. वर सुकाणू आपोआप फिरलं आणि सरांचा प्रश्न आला.

"पगारे, अभी क्या किया?"

"सर, डबा रखा."

"निकालो."

काढला.

"रखो."

ठेवला.

सर खाली आले. कप्प्यात वाकून पाहिलं. करडी पेटी ऑटोपायलटचं होकायंत्र होती; पत्र्याचा डबा शेजारून हलला की त्याची दिशा चुकायची आणि बोट वळायची. सरांनी डबा उचलून राशनीत ठेवला. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

बोलला बिष्ट. खांदा बांधलेला, ओठ पांढरे. "उस्ताद, इक्कीस दिन अकेले खाया?"

पुढचे एकोणीस दिवस त्याची अर्धी वॉच मी केली. लॉगबुकात सरांनी कारणापुढे सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझ्या नावासकट. खोडायला मी सांगितलं नाही.

नाईक दीवान सिंह बिष्ट चार वर्षांनी डोंगरातला रस्ता मोकळा करताना गेला. सकाळी नऊ चाळीसला दरड आली. सोबतचे दोघे वाचले, त्यानं आधी त्यांना हाका मारल्या होत्या.

रिटायर झाल्यावर त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं विचारलं, "समंदर में डरे थे वो?" मी म्हटलं, "वो नहीं. मैं डरा था." मग सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांची मुलगी, बोट किनाऱ्याला लागल्यानंतर सव्वा वर्षानं जन्मलेली, माझ्या पायाशी बसून बुटाच्या लेस सोडवत होती. आईनं तिला उठवायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या. दोन्ही बूट सुटेपर्यंत मी पाय हलवला नाही.