सुनंदाच्या दुधातली पुडी

"हायपरकॅल्सेमिया," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे रक्तातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढणं. न वाचता फॉर्मवर सही करताना डोलावतो तशी मी मान डोलावली.

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात माझी बायको सुनंदा सलाइन लावून पडली होती. तीन आठवडे उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. त्या सकाळी तिने विचारलं, "अहो, आज वार कुठला?" पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"काकू कुठली गोळी, टॉनिक घेतात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"काही नाही," सुनंदा म्हणाली. ती खरंच सांगत होती. तिला माहीत नव्हतं. मला होतं.

निवृत्तीनंतर मला उदास वाटायचं. रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी कमी निघालं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. चौथ्या पुडीला मी शीळ घालायला लागलो. त्यात पुडीचा वाटा किती आणि नव्याने बागेतल्या कट्ट्यावर गप्पा मारायला जाऊ लागलो त्याचा किती, याचा विचार करायची तसदी मी घेतली नाही.

तेवढ्यात सुनंदाची धाकटी बहीण गेली आणि सुनंदा गप्प झाली. गप्प बसलेल्या बायकोशी काय बोलावं हे मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. पुडी फोडणं जमतं. ती औषधाला हात लावत नाही, म्हणून सकाळच्या दुधात ढवळली. आठवड्यातून एकीने काय होणार, म्हणून रोज. व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं की लघवीवाटे निघून जाईल, हा माझा शोध. केमिस्टनेही चिठ्ठी मागितली नाही.

"दुधाला संत्र्याचा वास येतोय हो."

"पिशवी वेगळ्या कंपनीची आहे. पी गं गप."

अडीच महिने.

डॉक्टर म्हणाल्या, कारण शोधावं लागेल, कधी कधी कॅन्सरमुळेही कॅल्शियम वाढतं. दुसऱ्या दिवसासाठी बोन मॅरो टेस्ट ठरली, म्हणजे हाडात सुई घालून आतला मगज काढून तपासणं. पुडीची शंका मला तेव्हाच आली. तरी मी तो अख्खा दिवस बाकावर बसून काढला. लाज वाटत होती. कट्ट्यावर सगळ्यांना प्रकृतीचे सल्ले देणारा मी, हे कुठल्या तोंडाने सांगू?

संध्याकाळी सुनंदा म्हणाली, "कॅन्सर निघाला तर पोरीला इतक्यात सांगू नका. तिच्या मुलीची परीक्षा होऊ दे."

मी उठलो आणि डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, हे लघवीतून जात नाही. चरबीत साठतं, महिनोन् महिने राहतं. किडनीवर ताण आलाय. आणि काकूंचं मुळात कमी होतं का, ते तरी तपासलंत का? कमी असेल तर भरून काढल्यावर कदाचित थोडं बरं वाटतं. पण बहीण गेल्याचं दुःख पुडीने जात नाही."

त्यांनी रक्तातलं व्हिटॅमिन डी मोजलं. ते भलतंच वर होतं. सुईची टेस्ट टळली. पण एक दिवस बायको कॅन्सरच्या भीतीत पडून होती, तो दिवस माझ्यामुळे.

सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम हळूहळू उतरलं. किडनी अजून पूर्वीसारखी नाही. दर महिन्याला तिचं रक्त तपासायला जातो. तुमच्या घरातही अशी पुडी असेल, तर आधी रक्तातलं व्हिटॅमिन डी मोजून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेवढीच घ्या. आणि कुणाला न सांगता काही पाजू नका. त्या डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर सुनंदाला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "एकदा जवळ बसून विचारायचंत, सुनंदा, काय होतंय गं. मी सांगितलं असतं ना."

मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं. उशीर झाला होता, तरी तिने सांगितलं.