नदी दक्षिणेला

मंदीच्या त्या वर्षांत आम्ही आयर्लंडमध्ये स्लायगोला भाड्याच्या घरात भिंतींवरची बुरशी पुसत राहत होतो. एका दुपारी शेजारची मराठी मैत्रीण जाहिरातीचं पत्रक घेऊन आली. तिच्या डॉक्टर नवऱ्याला वेल्समध्ये नोकरी लागली होती आणि तिथलं तीनशे वर्षांचं दगडी फार्महाऊस ते घेणार होते. वर नदीकाठची जमीनसुद्धा! माझा नुसता जळफळाट झाला.

पत्रकातला नकाशा बघत मी म्हटलं, "अगं, नदी दक्षिणेला आहे. वास्तूला वाईट."

मला वास्तुशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिच्या सासूबाईंचा त्यावर फार विश्वास. पुण्याहून त्यांचा फोनवर नकार आला आणि ते घर बारगळलं.

पत्रक माझ्याकडेच राहिलं होतं. आठवड्याने ते पुन्हा उघडलं, तेव्हा कोपऱ्यातला बाण दिसला. नकाशात उत्तर खालच्या बाजूला होती. म्हणजे नदी उत्तरेलाच होती.

मी पत्रक चादरींखाली सरकवलं. तेवढ्यात ती चहाला आली.

"बरं झालं बाई, तू वेळेवर सांगितलंस," ती म्हणाली.

मी तिला आणखी अर्धा कप ओतला.