चर्चमधले मामाजी

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या देवाच्या घरावर जीव टाकणारा माणूस बुऱ्हाणपुरात तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले, घरी पूजा गणपतीची, पण मुक्काम कायम जुन्या चर्चमध्ये. बुधवारा मोहल्ल्यातल्या घरून भाजीला म्हणून निघायचे आणि रिकामी पिशवी काखेत मारून तिथल्या कमानीखाली मान वर करून उभे राहायचे. "आधाराला एक खांब नाही, जावईबापू! नुसत्या विटांनी विटांना धरलंय!" मामी म्हणायच्या, "यांची मान एक दिवस तिथंच अडकणार." आमच्या लग्नात तर बिदाईची वेळ टळली तरी हे माझ्या आईला चर्चमध्ये नेऊन तिथल्या रंगीत काचा दाखवत होते. "ताई, असा निळा आता बनत नाही!" आई बिचारी जरीच्या साडीत घामाघूम, पण तो निळा तिला अजून आठवतो.

वेदीमागच्या भिंतीवर येशूच्या शेवटच्या जेवणाचं जुनं चित्र होतं. ओलीनं ते पार खराब झालं, येशूसमोरचं ताट तर पुसूनच गेलं. तिथं छापील फ्लेक्स लावायचं ठरलं आणि मामाजींचं अन्नपाणी सुटलं. "फादरजी, एक मौका द्या," ते हात जोडून म्हणाले, "बिघडलं तर फ्लेक्स मी स्वतः टांगतो." फादर विरघळले. अख्खा उन्हाळा मामाजी परांचीवर, आणि खाली मामी डबा घेऊन, जीव मुठीत धरून.

रविवारी पडदा सरकला. चेहरे जिवंत झाले होते, आणि येशूसमोर केळ्यांची पिवळीधमक फणी!

"मामाजी, ये केले?" फादरांनी विचारलं.

मामाजी गोंधळले. "ताट पुसलं होतं ना! एवढी माणसं जेवायला बसलीत, बुऱ्हाणपुरासारख्या केळ्यांच्या गावात केळं नाही वाढायचं?"

आधी फादर हसले, मग अख्खं चर्च. पहिल्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "राहू द्या हो फादर, आता घरचं वाटतं." फ्लेक्स काही आला नाही.

आता काचबिंदूनं मामाजींची नजर गेली आहे. मी हात धरून त्यांना चर्चमध्ये नेतो. परवा बाहेरगावचं एक कुटुंब चित्रापुढे उभं होतं. मामाजींनी माझा हात दाबला.

"लोक अजून हसतात का हो केळ्यांना?"

मला खोटं बोलवेना. "हसतात, मामाजी."

त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं. पंगतीत माणसं हसली पाहिजेत."