मंगळवारचा हॉल, रविवारचा दोर

आमच्या गावच्या हॉलमध्ये लोक विसरून गेलेल्या छत्र्यांचा ढीग आहे. किश्श्यांचंही तसंच, वाढतच जातात! आयर्लंडमधल्या एनिसपासून वीस मिनिटांवरचं हे गाव. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते.

हॉल कमिटीत मी शिरले ती अपघातानेच. बॅडमिंटनसाठी हॉल मिळेल का, एवढंच विचारायला गेले होते. अध्यक्ष नोरा, वय अठ्ठ्याहत्तर. तिने चहा दिला, बिस्किटं दिली आणि एक जाडजूड रजिस्टर हातात ठेवलं.

"हे काय?"

"तू सेक्रेटरी. सगळं ग्रँड होईल!"

बॅडमिंटन अजून सुरू व्हायचंय.

* * *

पहिल्याच महिन्यात पॅटचा फोन. पॅट शेतकरी, कमिटीतलाच. "युअर मॅन हॉलच्या छपरावर अडकलाय, शिडी पडली!"

इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी घाबरून नवऱ्याला फोन लावला. तो पेशंट तपासत होता.

"तू छपरावर काय करतोयस?"

पलीकडून हळूच, "तू बरी आहेस ना?"

* * *

एकदा कौन्सिलचे एक साहेब पाहणीला येणार होते. वापर नसेल तर हॉल बंद! नोराने आदल्या दिवशी दुकानात ब्रेड घेताना फक्त विषय काढला.

सकाळी अकराला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही! पत्ते, विणकाम, डान्स, सगळं एकदम. साहेब चकित. "आज काही खास आहे का?"

नोराने विणकामातून मानही वर केली नाही. "हो. मंगळवार!"

हॉल वाचला.

* * *

माझी आई कोल्हापूरची, मुलींच्या शाळेतून रिटायर झालेली पीटीची बाई. ती इथे आली तेव्हा आमच्या रस्सीखेच टीमचा सराव चालू होता. शेजारच्या गावाकडून दरवर्षी हरणारी टीम. आईने पाच मिनिटं कसंबसं पाहिलं.

"असं वढत्यात व्हय? म्हशी तरी एका दिशेला जात्यात!"

"काय म्हणतायत?" पॅटने विचारलं.

"छान चाललंय म्हणतेय."

पॅटने आईचा चेहरा न्याहाळला. "मग रागावल्यावर कशा दिसतात?"

दुसऱ्या दिवसापासून तीच कोच!

* * *

रविवारी सामना. पहिली फेरी गेली, दुसरी आम्ही घेतली. तिसरीत दोर तसूभर हलेना. आई दोराच्या कडेने वाकून चालत होती, "धर... धर... धर..." तीन आठवड्यांत आठही जणांना दोन मराठी शब्द पक्के झाले होते. समोरच्यांचा दम क्षणभर सुटला आणि आई ओरडली, "वढ!"

आठही जण एकदम मागे कोसळले. जिंकलो! नोराने काठी हवेत भिरकावली, पॅट लहान मुलासारखा रडला, अख्खं गाव मैदानात धावलं.

आईने शिट्टी मारली. "रांगेत! हात दाखवा!"

मी इंग्रजीत सांगायच्या आत आठ दांडगे शेतकरी तळहात पुढे करून निमूट उभे राहिले. सोललेल्या एकेका तळव्यावरून अंगठा फिरवत ती पुढे सरकली. "शाब्बास... शाब्बास..."

आठ झाले, तरी रांग संपेना. शेवटी समोरच्या टीमचा कॅप्टन उभा होता, दोन्ही हात पुढे करून!