जीपचे मागचे पाय

बोरी अरबच्या आसपास कुणाची मोटर अडली की सेवादासला हाक जायची. त्याच्या मालकांनी, वामनरावांनी, लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप तोच चालवायचा, तोच धुवायचा, आणि जवळ कुणी नसलं की तिच्याशी दोन शब्द बोलायचाही. माणूस तसा मुखदुर्बळ, पण जीपचा विषय काढा, की थांबायचा नाही. त्याच्या तांड्यावर एकाच व्यक्तीला ती जीप डोळ्यांसमोर नको असायची. ती म्हणजे त्याची आई, जमनाबाई.

म्हातारीला कारण होतं. तिचा बाप लदेणीवाला. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून त्यांचा तांडा मुलूखभर फिरायचा. मग आगगाडी आली, मोटरी आल्या, लदेणी बसली. बैल विकले गेले आणि फिरत्या माणसांनी नांगर धरला. "या डबड्यांनी आमचे बळद खाल्ले," असं ती कुणालाही ऐकवायची. कळपाच्या पुढं चालणाऱ्या भुऱ्या बैलाची पितळी घंटा तेवढी तिच्या पेटीत उरली होती. लग्नात ती याच भुऱ्याच्या पाठीवर उभी राहिली होती. बंजारा नवरी सासरी निघताना बैलावर उभी राहते, हात वर करते आणि माहेराचा निरोप गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात.

एकसष्ट सालच्या दिवाळीआधी जमनाबाई अंगणात पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, ती उठून बसू लागली, पण जरा गचका बसला की प्राण कंठाशी यायचे. तशात झरी-जामणीच्या रानातल्या तांड्यावरून सांगावा आला. तिची लेक रुपीबाई तिथं दिलेली. रुपीबाईच्या लेकीचं, लालीचं लग्न चैत्रात ठरलं होतं.

"मी गेल्याबिगर लाली हवेली कशी म्हणन?" म्हातारी म्हणाली. "तिले शिकवन कोण? रुपीले तं दोन ओळी येत नाई धड."

आगगाडी तिथं जात नव्हती. बैलगाडीनं मुक्काम करत जायचं तर म्हातारीची कंबर वाटेतच राहिली असती. उरली जीप. सेवादासनं आईला उचलून मागं बसवलं आणि तांड्याबाहेरच्या गाडीवाटेनं जरा फिरवून पाहिलं. पहिल्याच धोंड्यावर म्हातारी अशी किंचाळली की बायका भाकरी टाकून धावल्या.

"तुही जीप मले मारते रे," ती रडत म्हणाली. मोडल्या हाडाला न रडलेली बाई त्या दिवशी रडली. सेवादासला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दोष जीपचा नव्हता, हौसेचा होता. पोती जास्त लादता यावीत म्हणून वामनरावांनी तिच्या मागच्या स्प्रिंगांना ट्रकचे जाडजूड पाटे चढवून घेतले होते. सेवादासनंच ते उत्साहानं बसवले होते. जीप मागून उंच झाली, ऐटदार दिसू लागली. पण झालं ते नाकापेक्षा मोती जड. पाटे वाकेचनात. नाल्यात एक चाक धोंड्यावर चढलं की दुसरं अधांतरी लटकायचं आणि नुसतं गरगरायचं. चारही चाकं ओढणारी गाडी, पण तिचं पाऊलच जमिनीला टेकत नव्हतं.

संध्याकाळी आईच्या खाटेशी बसून सेवादास हे तिला सांगत होता, खरं तर स्वतःलाच सांगत होता. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"ओझं आवळून बांधलं असन तुम्ही," ती म्हणाली. "नवा पोरगा लदेणीले आला का असंच करे. गोण हालू नाई म्हणून कचकचून आवळे. मंग बळदाचं आंग आखडे अन् नदीत पाय घसरे. माहा बाप म्हणे, पाठ मोकळी ठेव, त्याचे पाय त्याले शोधू दे."

सेवादास उठला तो थेट वामनरावांच्या ओसरीवर गेला.

"म्हणजे तू माह्या जीपची उंची कमी करतं?" वामनरावांचा चेहरा पडला. ती उंची म्हणजे त्यांची मिशी होती. "अन् पोते?"

"पोते कमी बसतीन, मालक. पण याडी बसन." आईला तो याडीच म्हणायचा.

वामनरावांनी आतून पानाचा डबा मागवला आणि ते म्हणाले, "जाय. लग्न होऊ दे. पोत्याचं मंग पाहू."

गोविंदा लोहाराच्या भट्टीवर काम चाललं. सेवादासनं ट्रकचे पाटे उतरवले आणि मूळचेही एकदोन काढले. स्प्रिंग ज्या लोंबत्या कडीवर झुलते ती कडी गोविंदानं लांब घडवली, घणाचे घाव त्याची बायको रुखमाबाई घालत होती. एक चाक दगडावर चढवून पाहिलं, तर दुसरं खाली जाता जाता ब्रेकची नळी ताणली गेली. सेवादासच्या मनात आलं, भर उतारावर ती तुटली असती तर! त्यानं नळी लांब घातली आणि चाक फार खाली जाऊ नये म्हणून जाड पट्टा बांधला. पुन्हा चाक दगडावर चढवलं. दुसरं चाक हळूच खाली उतरलं आणि खळग्याच्या तळाला टेकलं.

"अरे बाप्पा!" रुखमाबाईच्या हातातला घण तसाच राहिला. सेवादास मातीत बसून त्या चाकाकडं बघत राहिला. स्वतःच्या हातानं केलेलं काम, तरी ते आपण केलं यावर त्याचा विश्वास बसेना.

पहाटेच निघाले. मागं गोधड्यांची बैठक, तिच्यावर जमनाबाई, मांडीवर घंटेची पेटी. पांढरकवड्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढं रान लागलं, सागाची पानं झडलेली, वाट म्हणजे नुसती चाकोरी. आणि मग तो नाला आला. कोरडा, पण बैल बसलेत असे धोंडे, मध्ये खोल खळगे. सेवादासनं जीप काठावर थांबवली. आई पुन्हा किंचाळली तर तिथून ना पुढं जाता येणार होतं, ना मागं.

त्यानं चारही चाकं जोडली आणि गोगलगाईच्या चालीनं जीप खाली घातली. इंजिन कण्हत होतं. मागून आवाज नव्हता. पलीकडचा चढ चढून तो थांबला आणि भीत भीत वळला. म्हातारी डोळे घट्ट मिटून बसली होती.

"थांबला काहून?" तिनं विचारलं. "नाला आला का?"

"नाला गेला, याडी."

तिनं डोळे उघडले. मागं पाहिलं, धोंडे पाहिले, पुन्हा पोराकडं पाहिलं. "मले खाली उतरव," ती म्हणाली. "अन् तू परत जाय. मले पाह्यचं हाय."

पळसाखाली गोधडी टाकून त्यानं तिला बसवलं आणि रिकामी जीप पुन्हा नाल्यात घातली. जमनाबाईनं पोराच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही, चाकांकडं पाहिलं. डावं मागचं चाक धोंड्यावर चढलं. उजवं खळग्यात उतरलं, चाचपलं, टेकलं. वरची बैठक जरा कलली आणि सावरली. लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिलेल्या नद्या तिला आठवल्या, त्यांतून पार होणाऱ्या बैलांच्या ओल्या पाठी आठवल्या. तिनं दोन्ही हात जोडले. कुणाला, ते तिलाही ठाऊक नसावं.

"हे तं चालते रे," ती पुटपुटली. "पाय शोधून चालते."

तांड्यावर लग्नापर्यंत लालीला तिनं हवेली घोटून शिकवली. निघायच्या दिवशी नवरीच्या बैलाच्या गळ्यात भुऱ्याची घंटा बांधली. लाली त्याच्या पाठीवर उभी राहिली, हात वर केले आणि अशी गायली की वऱ्हाडी मंडळीही डोळे पुसू लागली. जमनाबाई जीपमध्ये बसून ओठ हलवत होती.

लाली बैलावरून उतरली, वरात गेली, तशी जमनाबाईनं घंटा परत मागून घेतली. सेवादासला म्हणाली, "मले मागच्या चाकापाशी ने." त्यानं उचलून नेलं. तिनं ती घंटा जीपच्या मागच्या कडीला बांधली.

"घंटा तं म्होरं असते, याडी."

"असू दे. भार मागचे पाय उचलते."

परतीला घंटा रानभर वाजत राहिली. नाला आला तसा सेवादासनं वेग कमी केला, चारही चाकं जोडली, आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. जमनाबाई गाढ झोपली होती.