तीन पानं

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. मी प्राणिशास्त्र शिकलेली बाई. जे दिसलं तेवढंच वहीत लिहायचं, हे मला येतं. हेही तसंच लिहिते.

बनारसला ब्रह्माघाटावर आमची एक खोली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठी यात्रेकरूंचा स्वयंपाक करायचे. माणसं ते पानांनी मोजायचे — "आज चाळीस पानं." घरीसुद्धा "तीन पानं घे" म्हणत… ते, आई आणि मी. ब्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. यात्रेकरूंची चूल आईवर आली. ती तिकडेच उभ्याने दोन घास खायची, घरी अण्णांना भरवायची. मी कधीतरी येऊन एकटी जेवायची. घरात बोलणं असं उरलंच नाही.

मी एम.एस्सी.ला होते, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. डिझर्टेशनचा विषय — गंगेपलीकडच्या शेतांतले सारस. सर म्हणाले, "जोड़ा तो उतरता ही रहता है. बच्चा दिखाओ, तब मानें कि वहीं पलते हैं." नाहीतर विषय बदला, म्हणजे आणखी एक वर्ष. ते आमच्याकडे नव्हतं. आईने सांगून टाकलं होतं, "पौष संपेपर्यंत मोज तुझे बगळे. मग पदर खोचायचा नि माझ्याबरोबर यायचं."

पौषातला तो शेवटचा दिवस. राजघाटच्या पुलावरून सायकल काढली, पुढे कच्च्या रस्त्याने मटारच्या शेतांपर्यंत. कोहरा असा, की स्वतःचा हात धूसर दिसावा. मटार तोडणारी एक बाई तेवढी होती.

"का नापत हऊ, बहिनी?" तिला मी जमीन मोजणारी वाटले.

"चिरई," मी म्हटलं, म्हणजे पाखरं. ती हसली आणि कामाला लागली.

सव्वाआठला कोहरा जरा विरला. पाणथळ तुकड्यात दोन सारस उभे. दोनच. वहीत लिहिलं — दोन. वही मिटली, सायकल वळवली. संपलं होतं सगळं… आणि पाठीमागून, स्वच्छ मराठीत —

"तीन पानं आहेत."

अण्णांचा आवाज. तोच, धुराने घोगरा झालेला.

वळून पाहिलं. कुणी नाही. त्या बाईला विचारलं, "किसी ने पुकारा?"

"केहू ना हौ इहाँ."

पण वळले म्हणून दिसलं. दोघांच्या मागे, गवतातून एक तपकिरी मान वर आली. पिल्लू.

दुपारी घरी आले तर जमिनीवर तीन ताटं वाढलेली. कित्येक महिन्यांनी.

"हे काय?"

"सकाळी ह्यांनी तोंड उघडलं," आई म्हणाली. "तीन पानं म्हणाले. एकदाच. दूधवाला दारात होता… सव्वाआठ झाले असतील. भूक लागली असेल."

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. चैत्रात गेले.

कोहऱ्यात आवाज लांबून येतो, थकलेलं डोकं फसवतं — सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते शेत आमच्या घरापासून तीन कोसांवर, मध्ये अख्खी गंगा. वही अजून माझ्याकडे आहे. 'दोन' खोडून 'तीन' केलेलं आहे, वेळ लिहिलेली आहे.

आठवड्याने सरांना तिथे नेलं. पिल्लू आई-बापांबरोबर चरत होतं. त्या उन्हाळ्यात मी एम.एस्सी. झाले.